परतीचा वेळ

मोजणीदारांच्या पायाला जन्मापासून भिंगरी होती आणि त्या भिंगरीचं पुस्तक त्यांच्या बायकोने लिहिलं होतं. जमीन मोजणीच्या कचेरीत त्यांनी चौतीस वर्षं काढली. सुट्टी मिळाली की ते पहाटे एकटेच निघायचे, किनाऱ्यावरचं एखादं गाव पालथं घालायचे आणि दोन दिवसांनी घरी येऊन खिशातली वही स्वयंपाकघरातल्या टेबलावर टाकायचे. वहीत वाक्यं नसत. 'पायऱ्या ते गुहा, २० मि. ओला खडक.' एवढंच. त्याचं वाक्य करायचं काम बायकोचं. ती एक डोळा दुधावर ठेवून लिहायची, 'पायऱ्या उतरून डावीकडे वळलं की अवघ्या वीस मिनिटांत आपण या निसर्गरम्य गुहेपाशी पोचतो.' आपण म्हणजे वाचक, आणि फार तर मोजणीदार. ती स्वतः त्या आपणात कधीच नव्हती. आधी पोरं लहान होती, मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या, मग तिचे गुडघे कुरकुरायला लागले. दर वेळी मोजणीदार म्हणायचे, पुढच्या खेपेला जाऊ. पुढची खेप काही उगवली नाही.

पुस्तक मात्र चाललं. खिशात मावेल एवढं, सात आवृत्त्या निघालेलं. लोक ते घेत ते त्यातल्या मिनिटांसाठी. कुठून कुठे जायला किती वेळ, हे एवढं ठणकावून दुसरं कुणी सांगत नव्हतं. शेजारीपाजारी तिला मोजणीदारीण म्हणत आणि तिलाही ते आवडत असे.

गेल्या हिवाळ्यात मोजणीदारांना झटका आला. जीव वाचला, जीभही वळायला लागली, पण उजवा पाय रुसला तो रुसलाच. काठी घेऊन ते न्हाणीघरापर्यंत जात आणि तेवढ्याने धापा टाकत. त्याच सुमारास प्रकाशकाने एक जाडजूड पाकीट पाठवलं. आत वाचकांची पत्रं होती आणि सगळ्यांचं रडगाणं एकच: वेळा चुकल्या आहेत. पूर्वीही अशी पत्रं यायची. मोजणीदार ती वाचून म्हणायचे, "लोक आळशी झालेत," आणि विषय संपायचा. या वेळी प्रकाशकाने फोनवर, अगदी साखर पेरून, सांगितलं की आठव्या आवृत्तीआधी वेळा पुन्हा चालून तपासा, नाहीतर वेळाच काढून टाकू.

वेळा काढायच्या म्हणजे मोजणीदारांनाच पुस्तकातून काढायचं. धबधबा निसर्गरम्य आहे हे कुणीही लिहील. तो पंधरा मिनिटांवर आहे, हे त्यांचं होतं. पाय गेल्यावर त्यांच्याकडे तेवढंच उरलं होतं, आणि हे तिच्याइतकं कुणाला कळणार? म्हणून ठरलं, की ती चालेल आणि ते घड्याळ धरतील; पोचायला किती लागली, ते ती आपल्या मनगटावरच्या घड्याळात बघून सांगेल. सुरुवात एका छोट्या गावापासून करायची. पुस्तकात त्याला सहाच पानं होती, बघण्यासारख्या तीन जागा होत्या, आणि तिथल्या लॉजमध्ये तळमजल्यावर खोली मिळत होती.

खोली बरी म्हणावी अशीच. दोन लोखंडी पलंग, कितीही वाळवले तरी दमट राहणारे दोन टॉवेल, आणि एक नळ, जो बंद केल्यावरही आपलं म्हणणं पुरं करत असे. खिडकी रस्त्यावर उघडायची. मोजणीदारांनी खुर्ची खिडकीशी ओढून घेतली, मनगटावरचं घड्याळ काढून चौकटीवर ठेवलं, शेजारी पुस्तक ठेवलं आणि उंटावरून शेळ्या हाकायला बसले. टाच आधी टेकव, हात मोकळे ठेव, मध्ये थांबू नकोस, थांबलीस तर मोजणी फुकट. ती हो हो म्हणत बुटाच्या नाड्या बांधत होती. वाकताना गुडघ्यात कळ आली, ती तिने दाखवली नाही.

पहिल्या दिवशी धबधबा होता. दुरून डोंगर साजरे म्हणतात, तसा हा धबधबा पुस्तकातून साजरा. गावाच्या मागच्या बाजूने, कुंपणं संपली की पायवाट सुरू होत होती आणि ती सरळ वर जात होती, जणू वाट काढणाऱ्याला वळणं ठाऊकच नव्हती. पंधरा मिनिटांनी तिला धबधब्याचा आवाजसुद्धा येत नव्हता. पंचविसाव्या मिनिटाला ती एका मुळावर बसली, छातीतले ठोके मोजत. अडतीस मिनिटांनी धबधबा दिसला. एका उंच खडकावरून पाणी खाली येत होतं आणि खालच्या डोहात दोन तरुण मुली पाय सोडून बसल्या होत्या. त्यांतल्या एकीच्या मांडीवर तेच पुस्तक उपडं पडलं होतं. मोजणीदारणीने त्यांना विचारलं, किती वेळ लागला. त्या म्हणाल्या, अर्धा तास, आणि आम्ही रोज व्यायाम करतो.

परत आल्यावर मोजणीदारांनी मान वर न करता विचारलं, "किती?"

"सतरा," ती म्हणाली. "बाकीचा वेळ डोहापाशी बसले होते."

तिने हे ठरवलेलं नव्हतं, तोंडातून निघून गेलं. त्यांचा चेहरा असा उजळला की तिला ते मागे घेवेना. दोन मिनिटं तुझ्या गुडघ्यांची, ते म्हणाले, बाकी हिशोब चोख. दुपारी ती खाडीच्या तोंडावरच्या वाळूच्या पट्ट्यावर जाऊन आली. पुस्तकात दहा मिनिटं, प्रत्यक्षात सव्वीस, कारण वाळूत पाय घोट्यापर्यंत रुतत होता. तिने अकरा सांगितली. एकदा सतरा सांगितल्यावर आता खरं बोलायचं म्हणजे शिळ्या कढीला ऊत आणायचा. चाळीस वर्षांच्या संसारात तिने याहून मोठं खोटं सांगितलं होतं, सासूबाईंच्या देखत तर रोज. त्या रात्री मोजणीदार कित्येक महिन्यांनंतर पोटभर जेवले आणि लॉजच्या मालकीणबाईंना बोलावून आपलं पुस्तक दाखवलं. मालकीणबाईंनी कौतुक केलं. मोजणीदारीण भिंतीकडे तोंड करून पडली. पोटऱ्यांत गोळे आले होते, आणि त्याहून जास्त तिला या सगळ्याचाच कंटाळा आला होता. अजून किनाऱ्यावरची एकोणीस गावं बाकी होती. एकोणीस गावं चालायची आणि एकोणीस गावांत खोटं बोलायचं.

दुसऱ्या दिवशी गुहा. या गुहेला जायचं तर भरती-ओहोटीचं भान ठेवावं लागतं. समुद्र मागे गेला की कड्याच्या पायथ्याने वाट उघडी पडते, समुद्र आला की बुडते. गावाच्या टोकाला पायऱ्या, पायऱ्यांपासून हाकेच्या अंतरावर खडकांतली एक अरुंद घळ, आणि घळ ओलांडल्यावर लांबलचक खडकाळ किनारा. पाणी यायला लागलं की सगळ्यात आधी ते घळीत शिरतं. पुस्तकात लिहिलं होतं: 'पूर्ण ओहोटीला पायऱ्यांवरून निघावे. जायला वीस मिनिटे, यायला वीस. घळीत पाणी शिरायला दीड तास लागतो, तेव्हा गुहेत अर्धा तास निवांत बसावे, घाई करू नये.'

तिने घाई केली. तरी खडक शेवाळाने माखलेले, एकेक पाऊल आधी चाचपायचं, मग त्यावर भार टाकायचा. काही ठिकाणी ती चक्क बसून घसरली. गुहेशी पोचायला पंचेचाळीस मिनिटं लागली. गुहा म्हणजे अंधारी, ओली, वटवाघळांच्या वासाची एक पोकळी होती. तिला आठवलं, तीस वर्षांपूर्वी तिने मोजणीदारांना विचारलं होतं, गुहा कशी आहे हो, आणि ते म्हणाले होते, गुहेसारखी. निसर्गरम्य हा शब्द तिने पदरचा घातला होता. आता नाकाला रुमाल लावून ती तिथे दहा मिनिटं उभी राहिली आणि परत फिरली.

परतताना ऊन समोरून येत होतं आणि गुडघे बोलायचे बंद झाले होते, नुसतेच दुखत होते. निघाल्यापासून एक तास चाळीस मिनिटांनी ती घळीपाशी आली. घळ नव्हती. पाणी होतं, पांढऱ्या फेसाचं, आणि ते दर लाटेला एकेक खडक गिळत होतं. पलीकडे पायऱ्या दिसत होत्या, पायऱ्यांवर बसलेलं कुत्रंसुद्धा दिसत होतं. मागे उंच कडा. आपल्याला काही झालं तर त्यांना काठी कोण देणार, हे पहिल्यांदा मनात आलं, आणि या वयात असली मरणं मरायची का, हे दुसऱ्यांदा.

"तिथेच थांबा, काकू. पाण्यात पाय घालू नका."

आवाज समुद्राच्या बाजूने आला. एक होडीवाला, पन्नाशीचा, सावकाश वल्ही मारत येत होता. त्याला कसलीच घाई नव्हती. त्याने होडी खडकाला लावली, तिचा हात धरून तिला आत घेतलं, बसायला घडी केलेलं पोतं दिलं. मग तिच्या पिशवीतून डोकावणाऱ्या पुस्तकाकडे बघून तो हसला आणि म्हणाला, पुस्तकवालेच असणार, मला वाटलंच.

पुस्तकवाले हे त्याने ठेवलेलं नाव होतं. गावातली माणसं ओहोटीच्या तासभर आधीच गुहेला निघतात. पुस्तकवाले पूर्ण ओहोटीला निघतात आणि घळीपाशी अडकतात. म्हणून हंगामात ओहोटी झाली की दीड तासाने तो होडी काढून ठेवतो. जाळ्याचं काम तेवढा वेळ तसंच पडतं, पण करणार काय, माणसं ओरडत असतात. हे सगळं तो तक्रार म्हणून सांगत नव्हता, उद्या वारा असेल असं सांगावं तसं सांगत होता. मग त्याचा आवाज बदलला.

"गेल्या वर्षी मला उशीर झाला. एक आजोबा पाणी बघून घाबरले आणि घळीत उतरले. खुबा मोडला त्यांचा. त्यांची बायको या फळीवरच बसली होती, तुम्ही बसलाय तिथे. सारखी एकच म्हणत होती, यात तर लिहिलंय घाई करू नका."

मोजणीदारणीने विचारलं, आजोबा आता कसे आहेत. त्याला माहीत नव्हतं. गाडीत घालून नेलं, पुढे काही कळलं नाही. त्याने वल्हं मांडीवर टेकवलं, पुस्तक मागून घेतलं आणि मुखपृष्ठावरच्या नावावर अंगठा ठेवला. हा गृहस्थ कधी भेटला तर सांगा, तो म्हणाला, की एकदा परत येऊन बघ म्हणावं.

मुखपृष्ठावर एकच नाव होतं. आपलं नाव त्यावर नाही याचं तिला तीस वर्षांत पहिल्यांदाच बरं वाटलं. सांगते, एवढंच ती म्हणाली, आणि पायऱ्या येईपर्यंत मूग गिळून बसली. उतरल्यावर त्या बरं वाटण्याची तिला इतकी लाज वाटली की होडीवाल्याचे आभार मानायचेही राहिले.

लॉजवर मोजणीदार खिडकीत ताटकळत बसले होते. सव्वादोन तास झाले, ते म्हणाले, गुहेत झोपलीस की काय. तिने बूट काढले, ओले मोजे नळावर टाकले आणि पलंगावर बसली.

"किती?" त्यांनी विचारलं. पेन्सिल तयार होती.

बावीस. तेवढं म्हटलं की जेवण सुखाचं होणार होतं. तिने त्यांच्या उजव्या पायाकडे पाहिलं, मग पेन्सिलीकडे.

"पंचेचाळीस," ती म्हणाली. "आणि धबधब्याला काल अडतीस लागली होती. वाळूला सव्वीस. मी खोटं बोलले."

मोजणीदारांनी पेन्सिल खाली ठेवली. मग जे म्हणायचे तेच म्हणाले, तुझे गुडघे. तिने डोहावरच्या मुलींचं सांगितलं. ते म्हणाले, आजकालच्या मुली. त्यांचा आवाज चढला, शब्द अडखळायला लागले, तोंडाची उजवी बाजू ओढली गेली. मी चाललोय त्या वाटेने, ते म्हणत होते, घड्याळ लावून चाललोय, वीस म्हणजे वीस. तिला त्यांची दया आली आणि रागही आला, दोन्ही एकदम, आणि दोन्हींना पुरेल एवढं बळ तिच्यात नव्हतं.

मग तिने आजोबांचं सांगितलं. सगळं सांगितलं, खुब्यासकट, त्यांच्या बायकोसकट. 'घाई करू नये' हेही सांगितलं.

बाहेर रस्त्यावरून कुणी सायकलची घंटी वाजवत गेलं. मोजणीदारांनी पुस्तक उचललं, गुहेचं पान काढलं, डोळ्यांजवळ नेलं.

"तुला यायला किती लागली?"

"आलेच नाही मी. घळ बुडली होती. होडीवाल्याने आणलं."

"यायला वीस," त्यांनी वाचलं. मग हळूहळू, जुनी मोजणी तपासावी तसे, म्हणाले, "पण मी त्या वाटेने परत आलोच नव्हतो. गुहेच्या डोक्यावरून कडा चढलो आणि मोठ्या रस्त्याला लागलो. तिकडून गाडी मिळायची."

"मग यायला वीस कुठून आलं?"

विचारता विचारताच तिला कळलं. वहीतली ओळ तिला अक्षरासकट आठवली. 'पायऱ्या ते गुहा, २० मि. ओला खडक.' यायचं त्यात काहीच नव्हतं. ते तिने घातलं होतं. दूध उतू जायच्या बेतात होतं, धाकटी पायाशी रडत होती, आणि 'जायला वीस मिनिटे' एवढ्यावर वाक्य लंगडं वाटत होतं. जायला वीस म्हणजे यायला वीस, यात विचारायचं काय? घळीच्या दीड तासाचं त्यांनी तोंडी सांगितलं होतं, बाकीची बेरीज तिची. निवांत बसावे तिचं. घाई करू नये, तेही तिचंच. सात आवृत्त्यांत तिने ते वाक्य सात वेळा तपासलं होतं आणि दर वेळी तिला ते छान वाटलं होतं.

"हे मी लिहिलं," ती म्हणाली. "तुमच्या वहीत नव्हतं. तो माणूस माझ्या वाक्याने पडला. तुम्ही मला एकदा, एकदा जरी इथे आणलं असतंत ना, तर मी हे लिहिलं नसतं."

"तुला आणलं असतं तर वेळ वाढला असता," मोजणीदार म्हणाले.

त्यांनी हे टोचायला म्हटलं नव्हतं. तिच्या बोलण्यावरचं ते खरं उत्तर होतं आणि दोघांनाही ते एकदमच ऐकू आलं. मोजणीदारांनी मान खाली घातली. ती रडली नाही, रडायलाही अंगात त्राण लागतं. आजचे खडक, कालची चढण, मागची सगळी वर्षं, सगळं एकदम तिच्या पाठीवर येऊन बसलं होतं, आणि आडवं होऊन झोपावं याखेरीज तिला काही सुचत नव्हतं.

मोजणीदार पेन्सिल खिशात टाकून, पुस्तक काखेत धरून काठी टेकत उठले. खुर्चीपासून पलंगापर्यंत पाचच पावलं होती, पण मध्ये टेबलाला धरून थांबावं लागलं. ते तिच्याशेजारी बसले, धाप ओसरू दिली, आणि पुस्तक मिटून आपल्या मांडीवर ठेवलं.

"तू नको मनाला लावून घेऊस," ते म्हणाले. "प्रकाशकाला मी कळवतो माझं चुकलं म्हणून. पुस्तकावर नाव माझं आहे."

ते मनापासून म्हणत होते. चाळीस वर्षांत त्यांनी तिच्यावर असं पांघरूण क्वचितच घातलं होतं. ती त्याच्याखाली शिरली असती तर त्यांना बरं वाटलं असतं आणि तिला झोप लागली असती. होडीत बसल्यावर तिने हेच तर केलं होतं.

तिने त्यांच्याकडून पुस्तक घेतलं, आपल्या मांडीवर ठेवलं आणि पेन्सिलीसाठी हात पुढे केला.

"आठव्या आवृत्तीवर माझंही नाव घाला," ती म्हणाली.